वीस बाय तीसमधली शेळी

छत्रपती संभाजीनगरात घर केवढं आहे असं विचारलं, तर लोक चौरस फूट सांगत नाहीत, 'वीस बाय तीस' म्हणतात. सहाशे चौरस फुटांचा तुकडा. शेतमालकानं एकराचे तुकडे पाडले, बाँडवर लिहून दिलं, कारखान्यातल्या कामगारानं हप्त्याहप्त्यानं पैसे फेडले आणि चार भिंतींवर पत्रे टाकले. निम्मं शहर असंच उभं राहिलं. ही गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ साली आला, आणि २०२१च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची बांधकामंही त्यात घेता येऊ लागली. फाईल टाकायची तर नकाशा लागतो. नकाशात खोल्या, जिना, संडास, ओटा सगळं दाखवावं लागतं. शेळी कुठं बांधता, हे मात्र कुणी विचारत नाही. ती जिन्याखाली असते.

मुकुंदवाडीत तर हमखास. जालना रोड, रेल्वे स्टेशन, विमानतळ आणि चिकलठाण्याची एमआयडीसी यांच्या बेचक्यात बसलेली ही वस्ती मूळचं खेडं. सिडको आली, १९८२मध्ये महापालिका झाली, शहरानं आजूबाजूची गावं पोटात घेतली. पण गावठाण पूर्ण विरघळलं नाही. एका बाजूला एन-२चे बंगले, दुसऱ्या बाजूला संजयनगर-रामनगरच्या गल्ल्या. या गल्ल्यांत जालना, बीड, परभणीकडून कामाला आलेली माणसं राहतात. येताना त्यांनी गाय आणली नाही, बैल आणणं शक्यच नव्हतं. शेळी मात्र आली. टेम्पोत मागं, भांड्यांच्या पोत्याशेजारी बसूनसुद्धा येते ती.

पशुसंवर्धनाची पुस्तकं सांगतात की मोठ्या शेळीला छताखाली १० ते १२ चौरस फूट जागा लागते आणि फिरायला त्याच्या दुप्पट मोकळी. तीन शेळ्या आणि त्यांची चार करडं धरली, तर छताखालचेच पन्नास-साठ फूट झाले. मोकळ्या जागेचा हिशेब वीस बाय तीसमध्ये कागदावरसुद्धा बसत नाही. तरीही या घरांतून शेळ्या आहेत, गाभण राहतात, जुळी देतात, विकल्या जातात. मग उरलेली जागा येते कुठून? या लेखात सांगायचं आहे ते एवढंच: घरची शेळी म्हणतात ती फक्त रात्री घरची असते. दिवसा ती कुणाच्या तरी न बांधलेल्या प्लॉटवर, रेल्वेच्या कडेला, कारखान्याच्या कुंपणाबाहेर असते. तिला पोसतं ते शहराचं रिकामपण. घर फक्त तिला बांधून ठेवतं.

*

मराठवाड्यात शेळी म्हटलं की उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, जातीचं नाव अजून तेच चाललंय. तुळजापूर, लातूर, उदगीर हा तिचा मूळ पट्टा. बहुतेक काळीभोर, कान लोंबते, पाय उंच. मोठी शेळी बत्तीसेक किलोची भरते. दूध बेताचं, अर्धा-एक लिटर. तिची ख्याती आहे ती जुळ्यांसाठी आणि उन्हाला, कोरड्याला न डगमगण्यासाठी. महाराष्ट्रात नगर-नाशिकची संगमनेरी, विदर्भाची बेरारी, कोकणची कन्याळ अशा आणखी जाती आहेत, पण त्या इथल्या गल्लीत फारशा दिसत नाहीत. गल्लीत दिसते ती उस्मानाबादी किंवा तिच्यात काय-काय मिसळून झालेली गावरान. शहाणी मालकीण जात विचारत बसत नाही. आईनं किती वेळा जुळी दिली, ते विचारते.

शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, साधारण दीडशे दिवसांचा. नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं होतात. प्रत्येक वेताला जुळी धरली तर सहा करडं. एखादं दगावतं, एखादं वेत एकट्याचं निघतं. तरी दोन वर्षांत चार-पाच करडं हाती लागतात. त्यातल्या पाठी ठेवायच्या, बोकड विकायचे. गणित एवढंच. देशात २०१९च्या पशुगणनेत जवळपास १४ कोटी ८९ लाख शेळ्या मोजल्या गेल्या, महाराष्ट्रात १ कोटी ६ लाखांच्या आसपास. मेंढ्या त्या मानानं कमी, राज्यात सत्तावीस लाखांच्या घरात. मेंढीला कळप लागतो, मागे चालणारा धनगर लागतो, मोकळं रान लागतं. शेळी एकटीही राहते आणि माणसाला सरावते. गल्लीच्या तोंडाशी हाक मारली की आपल्या दाराशी वळते.

ती मालकिणीची असते, मालकाची नाही. घर नवऱ्याच्या नावावर, दुचाकी नवऱ्याच्या नावावर, गावाकडं जमीन असलीच तर सासऱ्याच्या नावावर. शेळीला सातबारा नसतो, म्हणून ती बाईची होऊ शकते. पहिली शेळी बहुधा माहेराहून येते, नाहीतर बचत गटाच्या कर्जातून. शाळेची फी जूनमध्ये भरायची असते, मायक्रोफायनान्सचा हप्ता आठवड्याला येतो, दवाखाना केव्हाही येतो. अशा वेळी बोकड सुटतो. सोनं गहाण ठेवलं तर व्याज चढतं, शेजारणीकडं मागितलं तर तोंड दिसतं. बोकड विकला तर कुणाला काही सांगावं लागत नाही. म्हणून बऱ्याच घरांत शेळीचा भाव बाईला पाठ असतो, आणि किती पैसे आले ते नवऱ्याला पुरतं माहीत नसतं. यात फसवणूक शोधणाऱ्यांनी आधी त्या घराची पासबुकं बघावीत.

*

व्यायला आलेली शेळी एक-दोन दिवस आधीच सांगते. कासेला तट्ट फुगवटा येतो, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात, ती कोपरा धरते, पुढच्या पायानं जमीन उकरते. रात्री-अपरात्री जिन्याखाली मोबाईलचा उजेड धरून सगळं होतं. पाण्याची पिशवी दिसते, मग पुढचे दोन खूर आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक. असं आलं तर हात लावायचा नाही. करडू बाहेर पडलं की बोटानं नाकातोंडातला चिकटा काढायचा, गोणपाटानं पुसायचं आणि आईसमोर ठेवायचं. चाटणं तिचं काम. नाळ पोटापासून दोन-तीन बोटं अंतरावर दोऱ्यानं बांधून नव्या ब्लेडनं कापायची आणि वर आयोडीन लावायचं. हळद लावणाऱ्याही आहेत. अर्ध्या-एक तासात चीक पाजलाच पाहिजे. पुढच्या सगळ्या आजारांशी लढायचं बळ त्या पहिल्या चिकात असतं, आणि करडाचं आतडं ते फार थोडे तास स्वीकारतं. वार पडल्याशिवाय चीक काढू नये अशी एक जुनी समजूत आहे. या एका समजुतीपायी किती करडं गेली असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. वार पडायला सहा-आठ तासही लागतात. करडाला तेवढा वेळ नसतो.

दुसरं करडू पहिल्याच्या मागून पंधरा-वीस मिनिटांत येतं. तिसरं आलं तर आनंद कमी आणि काळजी जास्त. सड दोनच. मग बाटली येते, बाटलीवर लहान मुलाची निपल येते, आणि ते तिसरं करडू पुढं जन्मभर माणसाच्या मागं मागं फिरतं. घरातली पोरं त्याला नाव ठेवतात. विकताना सगळ्यात जास्त रडारड त्याच्यासाठीच होते.

दुधाचं म्हणाल तर या घरांत दुधासाठी शेळी कुणी पाळत नाही. करडं पिऊन उरलं तर चहापुरतं. पण पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ आली की अचानक एन-२च्या बंगल्यांतून चौकशी सुरू होते. शेळीच्या दुधानं प्लेटलेट वाढतात अशी ठाम समजूत आहे आणि त्या दिवसांत दूध सांगाल त्या भावाला जातं. प्लेटलेट वाढल्याचा शास्त्रीय पुरावा नाही. कच्चं दूध प्यायल्यानं ब्रुसेलोसिसचा ताप मात्र माणसाला येऊ शकतो, याला भरपूर पुरावा आहे. एरवी शेळीच्या वासाला नाक मुरडणारा शेजार त्या एक-दोन महिन्यांत अगदी आपुलकीनं वागतो. डेंग्यू सरला की पुन्हा वास येऊ लागतो.

*

सकाळी नऊच्या सुमाराला शेळ्या सुटतात. घरातली कुणी म्हातारी किंवा शाळा सुटलेलं पोरगं सोबत असतं, नाहीतर त्यांना वाट पाठ असते. गाय गवत खाते, शेळी शेंडा खाते. मागच्या दोन पायांवर उभी राहून, पुढचे पाय खोडाला टेकून, वरच्या ओठानं पान वेगळं करून ओढते. बाभळीच्या काट्यांतून ती पानं अशी वेचते की काटा टोचल्याचं कधी दिसत नाही. सुबाभूळ, बोर, शेवरी, पिंपळ, उंबर, बाभळीच्या शेंगा हा तिचा आवडीचा माल. कण्हेर खाल्ली तर जिवावर बेततं, घाणेरीनं कावीळ होऊन कातडी सोलते. पण उपाशी नसेल तर शेळी घाणेरीकडं बघतही नाही. अडचण उपाशी असण्याची आहे. मोठ्या शेळीला रोज तीन-चार किलो हिरवा पाला, किलोभर वाळला चारा आणि थोडा खुराक लागतो. तीन शेळ्यांचा पाला म्हणजे रोज दहा-बारा किलो. मुकुंदवाडीत विकतचं हिरवं आणून शेळी पाळली, तर बोकड सोन्याच्या भावानं विकावा लागेल.

म्हणून भाजीबाजार. संध्याकाळी गाडे आवरताना कोबीची वरची पानं, फ्लॉवरचा पाला, मेथीचे देठ, मटाराची सालं, मुळ्याचा पाला यांचे ढीग पडतात. त्यातलं काय घ्यायचं ते ठरलेलं असतं. कोबी रोज भरपूर दिला तर पोट फुगतं, म्हणून थोडा आणि वाळल्या कडब्यासोबत. भाजीवाल्याशी संबंध टिकवावे लागतात. त्याच्या गाड्यामागची जागा झाडून द्यायची, मग पोतं भरून पाला मिळतो. २०१८च्या फेब्रुवारीत नारेगावच्या कचरा डेपोविरुद्ध गावकरी रस्त्यावर बसले, गाड्या अडल्या आणि शहरभर कचऱ्याचे ढीग लागले. त्या काळात ओल्या कचऱ्याचं काय करायचं यावर किती बैठका झाल्या असतील. भाजीबाजाराचा निदान एक कोपरा रोज संध्याकाळी बिनबोभाट साफ होतो आणि त्याचं खत दुसऱ्या दिवशी जिन्याखालून निघतं. या सेवेची नोंद कुठल्याच अहवालात नाही. बरं आहे म्हणा, नोंद झाली असती तर निविदा निघाली असती.

लग्नाच्या दिवसांत वेगळाच धोका. मंगल कार्यालयाच्या मागच्या दारी भात, पोळ्या, बुंदी टाकलेली असते. कुणी दयेनं घमेलंभर आणून शेळीपुढं ठेवतं. शेळीच्या पोटातलं कारखान्याचं गणित पाला-गवतावर बसलेलं आहे. एकदम इतकं धान्य आणि साखर गेली की आत आंबतं, आम्ल वाढतं, शेळी दात खाते, कण्हते, आडवी पडते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लवकर पाजला तर वाचते. उशीर झाला तर नाही. भुकेनं मेलेली शेळी या वस्तीत क्वचित सापडेल, लग्नाच्या पंगतीनं मेलेली सहज सापडते.

पाण्याचं तर या शहरात सांगायलाच नको. जायकवाडीचा नाथसागर साठेक किलोमीटरच्या आत, आणि नळाला पाणी पाच-पाच, आठ-आठ दिवसांनी. २०१९ साली मुकुंदवाडीची लहान पोरं रेल्वेत बसून शहराच्या, तेव्हाच्या औरंगाबाद स्टेशनला जात, तिथं हंडे-कॅन भरून परतीच्या गाडीनं येत. ती बातमी देशाबाहेरही छापली गेली. २०२०च्या डिसेंबरात १,६८० कोटींच्या नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन झालं. पुढं खर्च २,७४० कोटींवर गेला. अशा ठिकाणी म्हैस पाळायची तर तिला रोज साठ-सत्तर लिटर नुसतं प्यायला, धुवायचं वेगळं. शेळीचं चार-पाच लिटरांत भागतं, उन्हाळ्यात थोडं जास्त. हिरवा पाला मिळाला तर त्याहून कमी. पोरांनी रुळावरून आणलेल्या पाण्यात शेळीचाही वाटा असणार, असं मला ती बातमी वाचताना वाटलं होतं. बातमीत शेळी नव्हती.

*

शहरात जनावरांचा बाजार छावणीत गुरुवारी भरतो. मुकुंदवाडीहून जायचं तर शहर आडवं ओलांडावं लागतं. रिक्षावाला बोकड बघून भाडं वाढवतो. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, दुरूनच ओळखतो की बाई गरजेपोटी आली आहे का. ज्याच्या हातात चारा आहे तो थांबू शकतो, ज्याच्या हातात नुसतं दावं आहे त्याला आजच विकायचंय. मग तो बोकडाच्या कमरेवर पंजा ठेवतो, अंगठा आणि बोटांनी कण्याच्या दोन्ही बाजू चाचपतो. मणक्यांची टोकं टोचली तर चेहरा वाकडा करतो. मांस भरलेलं लागलं तरी चेहरा वाकडाच करतो, पण हात पटकन काढून घेतो. ओळखायचं ते या हातावरून. पुढं खालचा ओठ ओढून दात बघतो. दुधाचे बारीक दात पडून मधले दोन मोठे आले की बोकड दोन दाती झाला, म्हणजे वर्ष उलटलं. शेवटी पुढच्या पायांमागं हात घालून उचलतो आणि वजन बोलतो. काटा असला तरी हातानं उचलल्याशिवाय सौदा होत नाही.

कसायाचा आडाखा सोपा आहे. जिवंत वजनाचं जवळपास निम्मं मटण. मटण किलोला सातशे-आठशेच्या घरात गेलं आहे हे बाईलाही माहीत असतं, त्यामुळं पूर्वीसारखं फसवणं सोपं राहिलेलं नाही. तरीही मधला मार्जिन मधल्याकडंच जातो. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, या म्हणीत पाळणाऱ्या बाईला जागा नाही. असती तर तिनं भावाबद्दल काहीतरी सुनावलं असतं.

विकायची वेळ साधणं ही खरी कला. आखाडात मागणी, श्रावणात शुकशुकाट. गावोगावच्या कंदुरीला बोकड लागतो, नवसाला लागतो, धुळवडीला लागतो. आणि बकरी ईद. तिचं पंचांग चांद्र असल्यामुळं सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. २०२५मध्ये तो ७ जूनला होता. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा हवा, त्याचा डोळा अधू नको, शिंग मुळातून मोडलेलं नको, कान फाटलेला नको. म्हणजे या ईदेला विकायचा बोकड गेल्या ईदेच्या आधी जन्मलेला हवा आणि त्याची आई त्याच्याही पाच महिने आधी फळलेली हवी. मुकुंदवाडीत हिंदू घरांतल्या भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये ईदेच्या तारखेवर पेनानं केलेली खूण दिसली, तर चकित व्हायचं कारण नाही. त्या घरी बोकड मोठा होत असतो. त्याला जिन्याखालून दुसरीकडं, दाराच्या आत हलवलेलं असतं. कारण त्याच दिवसांत शेळीचोर गाडी घेऊन फिरतात, आणि मोकाट कुत्र्यांनी कान फाडला तर निम्मी किंमत गेली.

१ जून २०२४पासून सरकारनं आणखी एक गोष्ट सक्तीची केली. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला नसेल, तर खरेदी-विक्री, वाहतूक करता येणार नाही. साथीच्या रोगांवर लक्ष ठेवायला हे लागतंच, त्याबद्दल वाद नाही. पण बिल्ला मारायला दवाखाना गाठावा लागतो आणि शहरातल्या मालकिणीला तो दवाखाना कुठं आहे हेच आधी शोधावं लागतं.

*

शासनाला शेळी आवडत नाही असं नाही. फार आवडते. पडेगावला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. महामंडळ १९७८चं. जिल्हा पातळीवर दहा शेळ्या आणि एक बोकड अशी योजना आहे, सर्वसाधारण गटाला पन्नास टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना पंच्याहत्तर टक्के अनुदान. राष्ट्रीय पशुधन अभियानात तर शंभर अधिक पाचपासून सुरुवात. पाचशे शेळ्या आणि पंचवीस बोकडांपर्यंत जा, पन्नास लाखांपर्यंत अनुदान घ्या. जमीन दाखवा, प्रकल्प अहवाल द्या, बँकेचं संमतिपत्र लावा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याहून वेगळं नसावं. तीन शेळ्यांच्या बाईला या योजनेत शिरायचं तर आधी सत्याण्णव शेळ्या आणाव्या लागतील.

खेड्यात निदान 'उमेद'च्या पशुसखी आहेत, लस टोचायला मदत करतात, जंताचं औषध सांगतात. 'उमेद' हे ग्रामीण अभियान. मुकुंदवाडी शहरात येते, म्हणून तिथं पशुसखी नाही. आणि शहराच्या योजनांमध्ये शिलाई मशीन आहे, पापड आहे, फेरीवाल्यांचं कर्ज आहे, शेळी नाही. ती दोन खात्यांच्या फटीत अडकली आहे.

रोग मात्र फट बघत नाहीत. पीपीआर आला तर आठवड्यात घर रिकामं होतं. नाक-डोळे वाहतात, तोंडात फोड येतात, जुलाब, ताप. जगभरातून हा रोग २०३०पर्यंत घालवायचं ठरलेलं आहे, आणि एक लस शेळीला साधारण तीन वर्षं पुरते. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या तोंडाला घ्यावी लागते, कारण पहिल्या पावसाचं कोवळं लुसलुशीत गवत भसाभस खाल्लं की तोच रोग उसळतो. संध्याकाळी ठणठणीत असलेलं करडू सकाळी मेलेलं सापडतं. मग शेजारीण म्हणते, दृष्ट लागली. शहरात खडकेश्वरला पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, १९६२ या क्रमांकावर फिरतं पथक बोलावता येतं. पण आजारी शेळी रिक्षात घालून खडकेश्वरला न्यायची तर मजुरीचा अर्धा दिवस आणि रिक्षाचं भाडं. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून माणसाचं औषध आणून अंदाजानं पाजणं स्वस्त पडतं. कधी शेळी वाचते. मग ते औषध गल्लीभर प्रसिद्ध होतं.

अकोला जिल्ह्यात २०१८मध्ये नरेश देशमुख यांनी शेळीची बँकच काढली. बाईला गाभण शेळी द्यायची, चाळीस महिन्यांत तिनं चार करडं परत करायची, वरची सगळी तिची. कल्पना नवी वाटते, पण मराठवाड्यात वाट्यानं शेळी देण्याची रीत जुनीच. शेळी माझी, राखण तुझी, करडं निम्मी-निम्मी. अकोल्यात तिला हिशेबाची वही आणि शिस्त मिळाली इतकंच, आणि ते 'इतकंच' फार मोलाचं आहे.

*

शेजारधर्माचा प्रश्न टाळून चालणार नाही. शेळी पाळणारीची बाजू घेताना मला तिच्या भिंतीपलीकडं राहणाऱ्याचंही पटतं. पावसाळ्यात लेंड्या ओल्या होतात, मुताचा वास खिडकीतून येतो, डोळे चुरचुरतात. बोकड मोठा झाला की त्याचा दर्प कपड्यांना चिकटतो, म्हणूनही त्याला लवकर खच्ची करतात. दारातली तुळस खाल्ली म्हणून झालेली भांडणं पोलीस चौकीपर्यंत गेलेली आहेत. चारचाकीच्या बॉनेटवर करडं चढतात, कारण उंचावर चढणं हा त्यांचा स्वभाव आणि वस्तीत तेवढीच एक टेकडी. १८७१च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात गुरं कोणती ते मोजताना हत्ती-उंटांपासून सुरुवात करून शेळ्या आणि करडांपर्यंत यादी आहे. कोंडवाड्याची तरतूद तेव्हापासूनची. महापालिकेनं लावलेल्या रोपांना लोखंडी जाळ्या लागतात त्याही शेळीमुळंच. झाडं लावणाऱ्यांचा तिच्यावरचा राग खोटा नाही.

गावांनी हा प्रश्न कधीच सोडवला, आणि शेळीच्या विरोधात सोडवला. हिवरेबाजारच्या पंचसूत्रीत नसबंदी, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान यांच्या रांगेत चराईबंदी आहे. डोंगर हिरवा झाला, विहिरी भरल्या, त्याबद्दल दुमत नाही. पाणलोटाची कामं झालेल्या अनेक गावांत मात्र चराईबंदीचा पहिला चटका भूमिहीनाला बसला. शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी आलं, त्यानं गाई वाढवल्या. ज्याला विहीरच नव्हती त्यानं शेळ्या विकल्या. गावात निदान ग्रामसभा होते, हात वर होतात. शहरात चराईबंदीचा ठराव कुणी करत नाही. प्लॉटला कंपाउंड पडतं, एवढंच.

मुकुंदवाडीभोवतीची मोकळी जागा अशीच गेली. पंचवीस वर्षांपूर्वी जिथं बाभळी होत्या तिथं अपार्टमेंट आहेत. विमानतळाची भिंत उंच झाली. कारखान्यांच्या बाजूनं तारा आल्या. रुळाच्या कडेला अजून काटेरी झुडपं आहेत, पण गाड्यांचा वेग वाढला आहे. शेळी रुळात सापडली तर भरपाई मागायला जाणार कोण, उलट रेल्वेच दंड करेल ही भीती. जून २०२५मध्ये महापालिकेनं जालना रोडवर मुकुंदवाडीत मोठी तोडमोड केली, रस्ता रुंद करायला दुकानं, टपऱ्या, घरांचे पुढचे भाग पाडले. रस्ता रुंद व्हायला हवा होता की नाही, हा वेगळा लेख. पण ज्यांचे ओटे गेले, त्यांच्या शेळ्यांची जागा आधी गेली. माणूस आत सरकला, शेळी सरकायला आत उरलं नाही.

आता वस्तीत दोन तऱ्हा दिसतात. ज्यांना गच्ची आहे, ते पत्र्याचं छप्पर टाकून शेळ्या वर नेतात. बंदिस्त पाळायचा प्रयत्न करतात. सुबाभळीचा पाला दुचाकीवर बांधून आणतात, खाली लाकडी पट्ट्यांची फळी घालतात म्हणजे लेंड्या खाली पडतात आणि खूर कोरडे राहतात. हे जमतं, पण चारा विकतचा असल्यामुळं दोन-तीन शेळ्यांवर परवडत नाही, आणि आठ-दहा ठेवायला गच्ची पुरत नाही. जिना चढायला शेळीची काही तक्रार नसते. तक्रार खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूची असते.

दुसरी तऱ्हा जास्त रूढ होत चालली आहे. शेळी गावाकडच्या नणंदेला, जावेला वाट्यानं द्यायची. बदनापूरकडं नाहीतर पैठणकडं कुणीतरी असतंच. मालकी मुकुंदवाडीत, दावं गावात. दर पंधरवड्याला फोन. व्याली का, किती दिली, पाठी किती, बोकड किती. व्हॉट्सअ‍ॅपवर करडाचा फोटो येतो. तो गेल्या खेपेलाही तोच होता का, असा संशय येतो, पण काळं करडू काळ्या करडासारखंच दिसतं. हिशेब दिवाळीला गाठ पडल्यावर होतो आणि तोंडीच होतो. जुळ्यांतलं एक तुझं, एक माझं, इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. अडतं ते दगावलेल्या करडापाशी. शहरातून शेळी दिलेल्या कुठल्याही बाईला विचारा, मेलेलं करडू दरवेळी तिच्याच वाट्याचं असतं.